मामूंची तिसरी फीत

आमचे मामू फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण डिस्चार्ज बुकात ‘नायक’ लिहिले आहे. बाहीवर तीन फिती असलेला त्यांचा फोटो संगमनेरच्या घरात आहे. दप्तरात फोटो चालत नाही. तिथे लागतो बढतीच्या ‘पार्ट टू ऑर्डर’चा नंबर आणि तारीख. मामूंच्या जुन्या ट्रंकेत तो कागद मिळाला, अलहमदुलिल्लाह!

सर्व्हिस नंबर, युनिट आणि नकला जोडून आम्ही नगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज पाठवला. रेकॉर्ड ऑफिसचे उत्तर आले, ‘हवालदारपदावर दहा महिने पूर्ण नाहीत.’ बढती निवृत्तीच्या सात महिने आधीची, हे खरे. 2006 पूर्वी पेन्शनसाठी त्या हुद्द्यावर दहा महिने लागत, हेही खरे. पण तो हिशेब पेन्शनचा! माणूस कोणत्या हुद्द्यावर घरी आला, ही नोंद वेगळी.

शेजारी विचारतात, पेन्शन वाढणार नाही, मग खटाटोप कशाला? मामू म्हणतात, “रोजी देणारा अल्लाह आहे. फीत मात्र मी कमावली होती.” आम्हाला ते पटते. 1965 च्या लढाईत शहीद झालेले परमवीर अब्दुल हमीद सरकारी राजपत्रात ‘कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार’ आहेत, हुद्द्यातला एक शब्दही गाळलेला नाही.

दुसरा अर्ज पोस्टाने गेला आहे. सहा महिन्यांत निर्णय आला नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे दाद मागता येते. पावती मामूंनी स्वतःजवळ ठेवली आहे.