अँटवर्पच्या वाटेवर दोन सिमकार्डे

बेल्जियममधील अँटवर्प शहराचे मध्यवर्ती रेल्वे स्थानक १९०५ साली पूर्ण झाले. त्याचा उंच घुमट आणि संगमरवरी जिने पाहून लोक त्याला रेल्वेचे देवालय म्हणतात. स्थानकाबाहेर पाऊल टाकले की पेलिकानस्ट्राट हा जवाहिऱ्यांचा रस्ता लागतो आणि त्याच्या आतल्या अंगाला होवेनिर्सस्ट्राट ही हिऱ्यांच्या व्यापाराची अरुंद, पहाऱ्यातील गल्ली. ज्यू व्यापाऱ्यांच्या या पेठेत मागील शतकाच्या उत्तरार्धात पालनपूरकडील जैन कुटुंबे येऊन स्थिरावली. शहरालगत विल्राइक येथे त्यांनी उभारलेले संगमरवरी जिनमंदिर आज दूरदूरच्या यात्रेकरूंना ओढून आणते. सौदा ठरला की येथे ‘माझल’ हा हिब्रू शब्द उच्चारून हात मिळवतात. मग त्या शब्दापुढे कागदाचीही मातब्बरी नसते.

पुण्याच्या रविवार पेठेतील एक सराफ कुटुंब मे महिन्यात या गावी उतरले. पती-पत्नी, दोन मुले; थोडा व्यापार, थोडी सहल आणि मंदिराचे दर्शन असा बेत. परदेशात फोनचे बिल सोन्याच्या भावाने येते, असे त्यांनी नातलगांकडून ऐकले होते. म्हणून ब्रसेल्सच्या विमानतळावरच त्या गृहस्थांनी भारतीय सिमकार्ड काढून बॅगेच्या तळाशी ठेवले आणि स्थानिक कार्ड घातले. बेल्जियममध्ये २०१६ पासून ओळख पटविल्याशिवाय प्रीपेड कार्ड मिळत नाही. पासपोर्ट दाखविताच काम झाले. खर्च वाचल्याचे समाधान घेऊन मंडळी गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला अडचण उभी राहिली. सुरतेच्या एका व्यापाऱ्याला त्या दिवशी रक्कम पोहोचवायची होती. पुण्यात तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बँकेच्या ॲपने ओटीपी मागितला. तो गेला भारतीय क्रमांकावर, आणि ते कार्ड हॉटेलातील बॅगेत. धावतपळत जाऊन कार्ड फोनमध्ये घातले, तरी संदेश येईना. कारण निघण्यापूर्वी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घेतलेलेच नव्हते. अखेर पुण्याहून धाकट्या भावाने बँकेची शाखा बंद होता होता जाऊन रक्कम पाठविली. शब्द राखला गेला, पण घासाघीशीने.

त्या सायंकाळी पेठेतील एका वडीलधाऱ्या व्यापाऱ्याने, ज्यांना सारे ‘काका’ म्हणतात, त्यांना जवळ बसवून घेतले. “भाऊ, घरचा नंबर म्हणजे तिजोरीची किल्ली. ती घरी ठेवून निघायचे नसते, आणि तिने रोज दारही उघडायचे नसते.”

काकांनी सांगितलेली व्यवस्था साधी होती. फोनमध्ये दोन्ही कार्डे ठेवावीत. भारतीय कार्डावर निघण्यापूर्वी रोमिंग सुरू करून घ्यावे, त्याची मुदत परतीच्या दिवसापुढे असावी. मात्र त्यावरील मोबाइल डेटा बंद ठेवावा. परदेशात येणाऱ्या एसएमएसला सहसा आकार पडत नाही. आपल्या योजनेत तसे आहे ना, एवढे आधी विचारून घ्यावे. आलेला फोन उचलला तर मात्र पैसे लागतात. तो कापून व्हॉट्सॲपवरून उलट फोन करावा. कार्ड बदलले तरी व्हॉट्सॲप जुन्याच क्रमांकावर चालते; ‘क्रमांक बदलायचा का’ असे विचारल्यास नाही म्हणावे. फोनमध्ये दुसरी जागा नसेल, तर तो ई-सिम घेतो का, ते पाहावे.

बिल फुगते ते बहुधा बोलण्याने नव्हे, तर न दिसणाऱ्या खर्चाने. छायाचित्रे आपोआप साठविणे, ॲप अद्ययावत होणे, आपोआप चालू होणाऱ्या चित्रफिती हे सारे डेटा खात असते. एका कार्डाचा डेटा संपताच दुसऱ्यावर जाण्याची सोय काही फोनमध्ये असते. तीही बंद करावी. दोन-तीन दिवसांच्या कामासाठी भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक सोयीचा पडतो. दोन-तीन आठवड्यांच्या कौटुंबिक प्रवासाला स्थानिक कार्ड परवडते.

मग सीमांचा प्रश्न. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचे कार्ड दुसऱ्या देशात वाजवी मर्यादेत घरच्याच दराने चालते, आणि हा नियम २०३२ पर्यंत वाढविलेला आहे. म्हणून अँटवर्पचे कार्ड पॅरिसला, ॲमस्टरडॅमला निर्धास्त चालते. मात्र स्वित्झर्लंड त्या संघात नाही, आणि ब्रिटन बाहेर पडले आहे. बर्फ पाहायला निघालेली कुटुंबे नेमकी येथेच फसतात. बाझेल येथे फ्रान्स, जर्मनी व स्वित्झर्लंड एकमेकांना भिडतात. रुळांवर सीमा दिसत नाही, पण फोन स्विस मनोरा पकडतो आणि दर बदलतो. कार्ड घेतानाच त्यात स्वित्झर्लंड आहे का, हे विचारावे. नसेल तर सीमेपूर्वी डेटा बंद करावा. विमानात आणि जहाजावर उपग्रहाचे जाळे असते व ते फार महाग पडते. तेथे फोन विमान-मोडवर असावा.

नकाशा मात्र विनाखर्च चालतो. हॉटेलच्या वाय-फायवर शहराचा नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला, की फोनला आपले ठिकाण उपग्रहावरून कळते. त्याला डेटा लागत नाही. मंदिराचा पत्ता, भोजनशाळेची वेळ आणि सूर्यास्ताची वेळही आधीच टिपून ठेवावी. मेअखेरीस येथे रात्री पावणेदहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तर डिसेंबरात पाचपूर्वीच. चौविहार पाळणाऱ्याने घरच्या घड्याळावर विसंबून चालत नाही.

पुढील दोन आठवडे ते कुटुंब फ्रान्स आणि हॉलंड फिरले. स्वित्झर्लंडच्या तीन दिवसांपुरते वेगळे ई-सिम घेतले. बँकेचे संदेश वेळेवर येत राहिले. रोज सायंकाळी सहाला, म्हणजे पुण्यात रात्री साडेनऊला, हॉटेलच्या वाय-फायवरून व्हिडिओ लागे. तिकडे आजी चष्मा लावून वाट पाहत बसलेली असे. नातवंडे तिला मंदिराच्या खांबांवरील नक्षी दाखवीत, ती प्रत्येक खांब पुन्हा दाखवायला सांगे, आणि ‘बिल वाढेल, ठेवा आता’ असे कोणालाच म्हणावे लागत नसे.