पल्ला: काही टिपणे

दांडपट्टा चढवला की मनगट बंद होते. हात खोबळ्यात, म्हणजे पट्ट्याच्या लोखंडी मुठीत, कोपराजवळपर्यंत अडकलेला असतो, त्यामुळे तलवारीसारखा वार आयत्या वेळी आखूड-लांब करता येत नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून निघतो. अंतर जुळवायचे ते पायांनीच. म्हणून नवख्या पोराला आधी हत्यार देऊ नये, पवित्रे द्यावेत. पालक विचारतात, "पट्टा कधी धरायचा?" विचारू देत. 2024 साली दांडपट्टा राज्यशस्त्र जाहीर झाल्यापासून ही घाई वाढली आहे.

*

लिंबू कापणे शिवजयंतीला टाळ्या घेते, पण मुळात तो अंतराचा अभ्यास. लिंबू जमिनीवर, आपण पवित्र्यात फिरत येणार. पाऊल वीतभर मागे राहिले तर टोक हवेतून जाते, वीतभर पुढे पडले तर पाते मातीला लागते. त्यात पाते लवचीक. तळहातावरचे लिंबू मात्र पोरांना करू देणे मला मान्य नाही. चुकले तर हात दुसऱ्याचा जातो.

*

जुलै 2024 मध्ये लंडनहून आलेली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. ती प्रतापगडावरचीच का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. आपण हत्याराची लांबी पाहावी. मुठीत लपेल एवढे ते. मिठीच्या बाहेर त्याचा उपयोग शून्य, आणि मिठीत तलवार निकामी.

10 नोव्हेंबर 1659 ची भेट मला नेहमी अंतरांच्या हिशोबात दिसते. दहा-दहा अंगरक्षक बाणाच्या टप्प्यावर. शिवाजी महाराज आणि अफझलखान छातीला छाती लावून. मग खानाचा अंगरक्षक सय्यद बंडा तलवार उगारून धावला आणि पल्ला एकदम पालटला. महाराजांचे अंगरक्षक, वाई तालुक्यातल्या कोंडवलीच्या जिवा महालांनी त्याचा हात वरच्यावर तोडला, असे सांगतात. त्यातले 'वरच्यावर' महत्त्वाचे. उगारलेला हात खाली येईपर्यंत थांबले असते तर वेळ गेली होती.

*

डोळ्यांनी पाहून अंग हलवायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. जवळून आलेली काठी तेवढी उसंत देत नाही. काठीच्या टोकाकडे पाहणारा म्हणूनच मार खातो. पाहावे खांद्याकडे आणि पुढच्या गुडघ्याकडे. वार आधी तिथे उमटतो.

सराव असा: जोडीतल्या एकाने नुसते पुढचे पाऊल टाकायचे, मारायचे नाही. दुसऱ्याने त्या पावलाबरोबर तेवढेच मागे सरकायचे, जास्त नाही. जास्त सरकला की उलट वार करायला तो पोहोचत नाही. हे जमले की हूल. हुलीला न हलणे हे सगळ्यात उशिरा येते.

*

सांगलीकडची पोरे बहुधा कुस्तीच्या तालमीतून येतात. पैलवान मारुती माने यांच्या कवठेपिरानच्या आसपास दुसरे काय होणार! त्यांना जवळ जायची भीती नसते, आणि लाठीसमोर हा मोठा गुण. फिरत्या लाठीचा वेग टोकाला असतो, मुठीजवळ जोर कमी. मागे हटायला जागा नसेल तर आत शिरणे हाच बचाव. शिरायचे कधी, एवढेच शिकवावे लागते: टोक समोरून गेले की, परत फिरायच्या आत.

*

बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पुजत. न्यायालयाच्या आदेशाने ते थांबले. नाग फणा काढून जेवढा उभा राहतो, साधारण तेवढाच पुढे झेपावतो. त्या रेषेबाहेरचा माणूस घाईत नसतो. कायद्याने प्रथा थांबली हे योग्यच झाले, पण नजरेने पल्ला मोजण्याची तिथल्या नाग धरणाऱ्यांची जाण मोठी होती.

*

फरी-गदक्यात शीर, तमाचा, बाहेरा हे वार पोरांना लवकर पाठ होतात. पण रोज एकच जोडीदार असला की अंतरही त्याच्याच उंचीचे पाठ होते. दर आठवड्याला जोड बदलावी. उंचासमोर बुटका, उजव्यासमोर डावरा, मुलासमोर मुलगी. डावऱ्यासमोर तर चांगला तयार गडीही पहिले काही वार हुकतो.