सोलापुरातील एक सांजवंदना

वर्षावासाच्या दिवसांत आमचे सोलापूरला जाणे झाले. मुंबईहून रात्री सुटणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी सोलापुरात आणून सोडते. वाटेत देहूरोड लागते. २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी तेथील विहारात तथागतांच्या मूर्तीची स्थापना केली. आमची गाडी तेथे थांबली नाही. आम्ही मात्र मुद्दाम जागे राहिलो आणि अंधारातच खिडकीशी हात जोडले.

सोलापूर हे कष्टकऱ्यांचे गाव. येथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी हिंदी एकाच नळावर ऐकू येतात. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, अशा गिरण्यांच्या भोंग्यावर या शहराचे घड्याळ चालत असे. आता ते भोंगे वाजत नाहीत. चादरी आणि टॉवेल यंत्रमागावर निघतात, आणि बाया घरोघरी विड्या वळतात. ज्याला जे मिळेल ते काम, असा सारा कारभार आहे.

बाबासाहेबांच्या चळवळीत सोलापूरचे स्थान मोठे आहे. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिचे पहिले वसतिगृह ४ जानेवारी १९२५ रोजी उघडले ते या सोलापुरात. मुंबई नाही, पुणे नाही, सोलापूर! पार्क चौकातील बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करून आम्ही बुधवार पेठेकडे वळलो. तेथे मिलिंद नगरात प्रेरणाभूमी आहे. बाबासाहेबांच्या अस्थी तेथे जपलेल्या आहेत. दर ६ डिसेंबरला या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. दोन मुले सावलीत गोट्या खेळत होती, बाकी शांतता.

पण आम्हाला सांगायचे आहे ते सायंकाळचे. आमचा मुक्काम जवळच्याच वस्तीत एका ओळखीच्या घरी होता. दोन खोल्या, वर पत्रा. घरात आजी, तिचा मुलगा, सून आणि दहावीतली नात. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला, सून चार घरची धुणीभांडी करते. आजीने उभी हयात विड्या वळल्या. तंबाखूच्या धुळीने तिला खोकल्याची ढास लागते, ती काही वंदनेने गेलेली नाही.

साडेसात वाजले की या घरात टी.व्ही. बंद होतो आणि मोबाईल फळीवर पालथे पडतात. मेणबत्ती आणि अगरबत्ती लागते. तथागत आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांसमोर चौघेजण सतरंजीवर बसतात. प्रथम त्रिशरण-पंचशील, मग बुद्ध, धम्म आणि संघ वंदना, शेवटी भीमस्मरण. एकूण वेळ पंधरा-वीस मिनिटे. आजीला अक्षरओळख नाही, पण सारे तिलाच पाठ. तरुणपणी विहारात मागे बसून कानांनी शिकली. आता गाथा सुरू करते ती, आणि उच्चार सुधारते नात, कारण तिच्या हाती पुस्तक आहे. यावरून दोघींचे रोज थोडे वाजते. ते ऐकायला आम्हाला मोठी मौज वाटली.

आपल्या लोकांत काही चिकित्सक बंधू विचारतात, की जुने देव सोडले आणि पुन्हा उदबत्ती लावली, मग फरक तो काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही तो आजीलाच विचारला. ती म्हणाली, “पयलं आम्ही मागायचो. आता मागत न्हाई, शबुद देतो.” एखाद्या विद्वानाला हे समजावण्यास दहा पाने लागली असती. पंचशील ही कोणाची आज्ञा नव्हे, आणि नवसही नव्हे. मी अमुक गोष्टीपासून दूर राहीन, हे आपणच आपल्या तोंडाने म्हणायचे असते. १९५६ साली, आजारपण आणि ग्रंथलेखनाचा भार असतानाही, बाबासाहेबांनी पाली गाथा संकलित करून ‘बौद्ध पूजापाठ’ सिद्ध केला. रोजच्या वंदनेचे मोल त्यांना वाटत होते म्हणूनच ना?

आता शरीराचे पाहू. गाथेची ओळ आपण एका दमात म्हणतो. म्हणजे श्वास भरभर आत येतो आणि सावकाश बाहेर जातो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हा निसर्गनियम आहे. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि तिबेटी बौद्धांचा षडक्षरी मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. एरवी तो बारा ते वीस असतो. रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणाही त्या वेळी अधिक चांगली चालली. यात शब्दांच्या अर्थाचा चमत्कार नाही, संथ आणि एकसारख्या म्हणण्याचा गुण आहे, हे आपण बुद्धिवादी लोकांनी ध्यानी घ्यावे. तेव्हा रक्तदाबाची गोळी बंद करून कोणी वंदना धरू नये. या घरची सून गोळी घेते आणि वंदनाही म्हणते. “दिवसभर दुसऱ्याच्या घरात मान खाली असते. ह्या टायमाला पाठ सरळ करून बसते,” एवढेच ती म्हणाली.

आणि आता जे लिहायचे ते घरच्यांना विचारूनच लिहीत आहोत. घरचा कर्ता दारू प्यायचा. पाळी सुटली की गुत्त्यावर, पगार निम्मा तेथेच. वंदनेला मात्र बसायचा, कारण आईचा धाक. पाणातिपातापासून चार शीले मोठ्याने म्हणायचा आणि पाचव्याला गप्प व्हायचा. मद्यपानापासून दूर राहण्याचे हे शील. बावीस प्रतिज्ञांतही तीच प्रतिज्ञा आहे. आई काही बोलत नसे, बायको भिंतीकडे पाही. एके दिवशी नात, तेव्हा सातवीत, सहज म्हणाली, “बाबा, चारच झाले.”

त्या रात्री तो जेवला नाही, असे सून सांगते. दारू त्या दिवशी सुटली असे कोणी समजू नये. सरकारी दवाखान्यात औषध झाले, दोनदा सुटून पुन्हा लागली. एकदा तर तो सहा दिवस घरी आला नाही. वंदना मात्र थांबली नाही. पाचव्या शीलाच्या वेळी तिघीजणी क्षणभर थांबत आणि मग पुढे जात. तो स्वतः आम्हाला म्हणाला, “डॉक्टरनं औषध दिलं, ते खरं. पण रोज साडेसातला तीन माणसं माझ्या आवाजाची वाट बघत्यात, ह्याचं काय करायचं सांगा?” आता दोन वर्षे झाली. आम्ही बसलो त्या सायंकाळी त्याने पाचही शीले म्हटली. पाचवे सर्वांत हळू.

लहानांच्या बाबतीत वेगळाच फायदा दिसला. वंदना संपली की नात तेथेच, त्याच सतरंजीवर, गणिताचे पुस्तक उघडते. उठायचे नाही, हा आजीचा नियम. मन शांत झालेलेच असते, आणि वीसेक मिनिटे टी.व्ही. बंद असल्याने शेजारच्या पोरीही वह्या घेऊन येतात. त्यांतली एक तेलुगूभाषक विणकराची मुलगी. तिला त्रिशरण पाठ झाले आहे, कोणी शिकवले नाही. तिच्या आईने विचारले तेव्हा म्हणाली म्हणे, “अभ्यासाच्या आधी म्हणायचं असतं.”

वर्षावासात येथे वंदनेनंतर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाची दोन पाने वाचतात. वाचते नात, ऐकतात सगळे. त्या दिवशी अंगुलिमालाची कथा चालली होती. आठ वाजून गेले, तेव्हा पुढचे पान उद्यावर ठेवून कर्त्याने डबा उचलला. आईला, मग आम्हाला “जयभीम” घातला आणि सायकल काढून तो रात्रपाळीला निघून गेला.