“बाई, मी ठरवलंच कुठे होतं?” : खेळातला बदल आणि आपण मोठी माणसं



आज एका खेळाबद्दल लिहिणार आहे. खरं तर खेळाबद्दल कमी आणि माझ्या चुकीबद्दल जास्त!

आमच्या शाळेत शनिवारी सकाळची शाळा सुटली की वाचनालयात पाच मुलं थांबतात. चार मुलगे, एक मुलगी, सगळी सातवी-आठवीतली. आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. इंजिनिअरिंगला असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने हे पुस्तक शाळेला आणून दिलं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन या दोघांनी अमेरिकेत १९७४ साली हा खेळ आणला. यात प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे ‘माझं पात्र आता असं करतं’ म्हणतात आणि जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट एका दिवसात संपत नाही, महिनोन्महिने चालते. आमच्यात गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे.

पहिल्या दिवशी पात्रं वाटली. वाटली कसली, पळवली! दोघांनी योद्धा घेतला, एकाने चोर, एकाने धनुर्धारी. मुलगी शेवटी उरली. लगेच सगळे म्हणाले, “कुणीतरी बरं करणारं हवं ना! तू उपासिका हो.” देवाच्या कृपेने जखमा भरून काढणारं हे पात्र. तिने मान हलवली, मी कागदावर लिहिलं.

तीन महिने गेले. पात्रं तिसऱ्या पातळीवर पोचली. एका शनिवारी ती म्हणाली, “बाई, मला जादूगार व्हायचंय.”

मी काय म्हणाले असेन? तुम्हीही म्हणाला असता तेच. “आता मध्येच? एकदा ठरवलं ना, मग निभवायचं.” शिस्त, चिकाटी, जबाबदारी, सगळं मी एका वाक्यात शिकवून टाकलं.

पुढचे दोन शनिवार ती आली, पण गप्प. पाळी आली की “याला बरं करते” एवढंच. मग एकदा वह्या आवरताना तिने हळूच विचारलं, “बाई, मी ठरवलंच कुठे होतं?”

मला उत्तर सुचेना. मागच्या तीन महिन्यांचं डोळ्यांसमोर आलं. चार मुलगे लढायचे, कुलपं उघडायचे, राजाशी बोलायचे. ती त्यांच्या मागे उभी राहून जखमा बांधायची. ही वाटणी आपण घरात कुठे पाहिली आहे, ते मी सांगायला नकोच.

मग मी नियम नीट वाचले. तेव्हा कळलं, खेळ माझ्यापेक्षा समजूतदार आहे. २०१४ च्या मूळ पुस्तकातच काही पात्रांना वरच्या पातळीवर जाताना नको असलेला एक मंत्र टाकून दुसरा घेता येतो. २०२० साली आलेल्या पूरक पुस्तकात तर, गोष्ट सांगणाऱ्याची संमती असेल तर पात्राची खास शाखा बदलायची सोय दिली आहे. ‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळाची २०१९ ची आवृत्ती जरा कडक. मोहिमांच्या मधल्या रिकाम्या काळात एखादं कौशल्य बदलता येतं, पण त्यासाठी पात्राला शिकण्यात दिवस घालवावे लागतात, आणि मूळ वर्ग बदलता येत नाही.

म्हणजे ‘बदलू द्यायचं का’ याचं एकच उत्तर नाही. पण हे सगळे नियम एक गोष्ट मान्य करतात. पहिल्या दिवशी निवड करताना खेळाडूला आपण काय निवडतोय ते पुरतं कळलेलं नसतं. कळतं ते खेळल्यावर.

मी सगळ्यांसमोर विषय मांडला. मुलगे ओरडलेच, “मग आम्हाला बरं कोण करणार?” प्रश्न रास्त होता. एकाचा बदल सगळ्यांना भोवतो. मग हिशेब केला. जखम भरायचं औषध बाजारात पन्नास सोन्याच्या नाण्यांना मिळतं, त्याने चार ते दहा गुण परत येतात. मोहिमेला अशा किती बाटल्या लागतील? पाच जणांत वर्गणी किती? गणिताच्या तासाला जी मुलं जांभया देतात ती बोटं मोजत बसली होती!

बदल फुकट मात्र दिला नाही. गोष्टीत तिच्या उपासिकेने देवळात आपलं पवित्र चिन्ह परत ठेवलं, ढाल एका योद्ध्याला दिली. एक पूर्ण शनिवार ती कोणत्याही शक्तीशिवाय खेळली. पुढच्या वेळी ती जादूगार झाली, तिसऱ्याच पातळीची. अंगातलं बळ कमी झालं, कारण जादूगार नाजूक असतो. नाव तेच, जुनी मैत्री तीच, आणि सरायवाल्याची उधारीसुद्धा तीच राहिली. मागचं पुसायचं नाही, एवढी एकच अट होती.

त्यानंतर एक योद्धाही आला. “मलाही जादूगार करा.” त्याला मी तीन प्रश्न विचारले. काय आवडत नाही? नवीन पात्राने काय करावंसं वाटतं? त्यासाठी काय सोडशील? तो विचार करून म्हणाला, “नको बाई, मागच्या लढाईत हरलो म्हणून वाटलं.” आणि हसत जागेवर गेला. नकार मी दिला नाही, त्याचा त्यालाच मिळाला.

पालकहो, तबल्याचा क्लास सोडून चित्रकला मागणारं मूल किंवा अकरावीत सायन्स घेऊन रडकुंडीला आलेलं मूल तुमच्यासमोर उभं राहील, तेव्हा ‘निभव’ म्हणण्याआधी एवढंच तपासा की ती निवड त्याने केली होती की आपण त्याच्या नावावर लिहिली होती. त्याने केली असेल तर थोडं थांबवा, प्रश्न विचारा. आपण लिहिली असेल तर खोडरबर आपल्याच हातात आहे.

परवाच्या शनिवारी चोर जखमी होऊन कोसळला आणि बाटल्या संपलेल्या. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. जादू उपयोगाची नव्हती, पण वैद्यकीचं कौशल्य तिने नव्या कागदावरही मुद्दाम ठेवलं होतं. दहा हवे होते, फाशावर तेरा पडले. चोर वाचला.

या वेळी “तू बरं कर” असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.