मेंढीच्या दुधाचा उतारा

बडोद्याच्या आसपास दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून उरणाऱ्या घन पदार्थांवर ठरतो. १९४६ साली आणंदला खेडा जिल्ह्याचा सहकारी संघ उभा राहिला, आणि पुढे गुजरातभर बसलेल्या त्या घडीने गाय-म्हैस पाळणाऱ्याला मापात न्याय दिला. भरवाड-रबाऱ्यांच्या मेंढ्यांचं दूध मात्र बाहेरच राहिलं. ते घरच्या चहाला लागतं, नाहीतर दुसऱ्या दुधात मिसळून जातं. पाटणवाडी मेंढीची भरड लोकर गालिच्यांना चालते, पण तिला भाव उरलेला नाही. कळपाची कमाई विकलेल्या कोकरांवर येऊन ठेपली आहे. माझं म्हणणं असं, की या दुधाचा दर लिटरवर न ठरवता चीजच्या उताऱ्यावर ठरवावा.

एक किलो चीजला गाईचं साधारण दहा लिटर दूध लागतं, मेंढीचं सहाच्या आसपास पुरतं. याचं श्रेय लोक फॅटला देतात. पण सहा-सात टक्के फॅट म्हशीच्या दुधातही असतं. खरा फरक प्रथिनांचा. मेंढीच्या दुधात ती साडेपाच टक्क्यांच्या घरात, म्हशीच्या चारेक, गाईच्या सव्वातीन. दूध बसवणारं रेनेट धरतं ते यातल्या केसिन या प्रथिनाला. फॅट त्या जाळ्यात अडकून राहतं. म्हणून हे दूध लवकर आणि घट्ट बसतं, आणि गाईच्या दुधाला सरावलेला हात सुरीने ते कापायला हमखास उशीर करतो. शिवाय चराई बदलली की दूध बदलतं. पावसाळ्यानंतरच्या हिरव्या चाऱ्यावरचं दूध आणि उन्हाळ्यात काट्याकुट्यांवर चरलेल्या कळपाचं दूध एका ठरावीक वेळेत बसत नाही. लहान घाण्यात हे बोटाला कळतं आणि त्याच दिवशी सुधारता येतं. हाताने करण्याचं माझ्या लेखी कारण हेच. जुनेपणाची हौस नव्हे.

कोकराच्या तोंडचं दूध काढायचं का, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. कोकरं चरायला लागून दुधावरून तुटल्यावरच धार काढावी, मग दूध कितीही कमी मिळो. कमी दूध साठवायची सोय आहे: मेंढीचं दूध गोठवूनही चीजला चांगलं राहतं. वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट नको असलेल्या शाकाहारी गिऱ्हाइकाला बुरशीपासून केलेलं चालतं. उरतो उन्हाळा. चीज मुरवायला दहा ते तेरा अंश लागतात, आणि मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा फ्रान्सच्या रोकफोर या मुरवलेल्या चीजची नक्कल करण्याचा हट्ट कशाला? पारशी घरांतलं सुरती पनीर रेनेटनेच बसवतात, टोपलीत निथळवतात आणि त्याच्याच खारट निवळीत ठेवून ताजं खातात. मेंढीच्या दुधाला ही वाट जवळची. सुरेंद्रनगर जिल्ह्यातल्या सायला इथल्या पांचाल डेअरीने पशुपालक मालधाऱ्यांकडच्या शेळीच्या दुधाचं चीज शहरांत विकून दाखवलं आहे. ते महाग पडतं, मेंढीचंही पडेल. पण इटलीहून आलेल्या पेकोरिनोला, म्हणजे मेंढीच्याच चीजला, आपली हॉटेलं चढा दर मोजतात. त्यातला निम्मा जरी इथल्या कळपवाल्याला उताऱ्याप्रमाणे मिळाला, तर दुभती मेंढी विकण्याआधी तो दोनदा विचार करील.