मालवणच्या किनाऱ्यावरील बारा छायाचित्रे

कोल्हापूरहून निघालेला प्रवासी गगनबावड्याचा करूळ घाट उतरून, कणकवली आणि कसाल मागे टाकून मालवणात येतो, तेव्हा त्याच्या दृष्टीस प्रथम जांभ्या दगडाची कुंपणे पडतात, मग माडांची राई आणि शेवटी समुद्र. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाकडे निघालेल्या एका होडीत कोल्हापूरच्या कापडव्यापारी घराण्यातील आजोबा आणि त्यांची नात बसली होती. आजोबांच्या पिशवीत एक जुना अल्बम होता, नातीच्या गळ्यात सुती पट्ट्याला अडकवलेला लहानसा डिजिटल कॅमेरा.

अल्बमातील शेवटची बारा कृष्णधवल छायाचित्रे याच किनाऱ्यावरील होती. ती आजोबांनी तरुणपणी आग्फा क्लिक थ्रीने टिपली होती. त्या काळी मध्यमवर्गीय घरांत हा साधा, स्वस्त कॅमेरा लोकप्रिय होता. त्याच्या एका रिळात बाराच चौकोनी चित्रे निघत. त्या सहलीनंतर अल्बमाची पाने कोरीच राहिली.

त्याचे कारण नातीला अलीकडेच कळले. फिल्मच्या छायाचित्रांचा हल्ली पुन्हा शौक वाढला आहे, म्हणून तिने जुना कॅमेरा दुरुस्त करून घेण्याचा विचार बोलून दाखविला. आजोबांनी नकार दिला नाही. ते एवढेच म्हणाले, “बाळ, माल कुठून येतो ते आधी विचारावं.” फिल्मवरील चांदीचे प्रकाशग्राही कण ज्या थरात बसविलेले असतात, तो थर जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. आपल्या दुकानात रेशीम न ठेवणाऱ्या माणसाला हे समजले, त्या दिवसापासून त्याने कॅमेरा कपाटात ठेवला. त्याविषयी घरात कधी उपदेश केला नाही.

ही गोष्ट छायाचित्रणाच्या इतिहासात अगदी मुळाशी आहे. १८७१ साली इंग्लंडमधील डॉक्टर रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनचा थर असलेल्या कोरड्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढे फिल्मही त्याच वाटेने आली. १९२०च्या दशकात कोडॅक कंपनीचे संशोधक सॅम्युएल शेपर्ड यांना आढळले, की जिलेटिनमधील गंधकयुक्त अंशामुळे फिल्मची प्रकाशग्राहकता वाढते आणि हा अंश जनावरांनी खाल्लेल्या मोहरीवर्गीय वनस्पतींतून येतो. गाईने काय खाल्ले यावर चित्राचा उजळपणा ठरत होता, इतके ते नाते निकटचे होते.

मग फिल्मची सौम्य छटा हवी, पण फिल्म नको, असा कॅमेरा कोणता? नातीने व्यापाऱ्याच्या घरातील रीतीने दोन वस्तू पारखल्या. रिकोचा जीआर थ्री खिशात मावतो, वजनाने पाव किलोच्या आसपास आहे, पण त्याला डोळा लावून पाहण्याची खिडकी नाही. फुजीफिल्मचा एक्स हंड्रेड व्ही त्याहून जड आणि महाग, परंतु त्याला ती खिडकी आहे आणि जुन्या फिल्मच्या रंगछटा त्यात तयार मिळतात. आजोबांना कॅमेरा डोळ्याला लावूनच पाहण्याची सवय. त्यामुळे निवड झाली आणि तीही वापरलेल्या वस्तूची.

सिंधुदुर्गाच्या तटाखाली या निवडीची परीक्षा झाली. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी या किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी खाऱ्या समुद्राच्या मध्यात आजही आहेत. दुपारच्या उन्हात तेथे पाणी चकाकते आणि तट काळवंडतो. फिल्म अतिप्रकाश बराच सोसते. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र उजळ भागातील तपशील एकदम पांढरा होऊन नाहीसा होतो. म्हणून नातीने प्रकाश थोडा कमी ठेवला. रंगांचा समतोल आपोआप न बदलता ‘सूर्यप्रकाशा’वर कायम केला, कारण रिळालाही एकच समतोल असे. ‘व्हेल्व्हिया’ छटेत जांभ्याचा तांबडा रंग भडक दिसू लागला; ‘क्लासिक क्रोम’मध्ये तो संयत झाला. चित्राचा धारदारपणा कमी करून थोडे दाणेदार पोत दिले. मागचा पडदा बंद केला आणि दिवसभरात बाराच चित्रे घ्यायची, असे ठरविले.

अकरा झाली. सायंकाळचा उत्तम प्रकाश आणि चोविहाराची वेळ एकच. म्हणून एका घरगुती खाणावळीत आधीच सांगून ठेवले होते: घावणे, काजूची उसळ आणि लसणाविना सोलकढी. सूर्य मावळण्याच्या बऱ्याच आधी जेवण उरकून दोघे दांडीच्या किनाऱ्यावर आली. किल्ल्याचा तट काळ्या रेघेसारखा दिसत होता, होड्या परतत होत्या. नातीने कॅमेरा आजोबांच्या हाती दिला. त्यांनी तो डोळ्याला लावला, बराच वेळ थांबले आणि एकदाच कळ दाबली.

मुक्कामी परतल्यावर नातीने ओलसर मऊ फडक्याने कॅमेऱ्यावरील खारट थर पुसला आणि तो कोरड्या डब्यात ठेवला. एक प्रश्न उरला होता. रासायनिक पद्धतीच्या फोटोकागदावरही जिलेटिनचाच थर असतो. तेव्हा बाराही चित्रे साध्या सुती कागदावर शाईने छापून घ्यावीत, असे ठरले. अल्बमाच्या कोऱ्या पानांवर ती चिकटवायची होती. सरस हाही जनावरांपासूनच होतो, हे आजोबांना ठाऊक होते. त्यांनी घरी फोन करून गव्हाच्या पिठाची खळ करून ठेवण्यास सांगितले.