विटलेले लुगडे

लुगड्याचा रंग पक्का की कच्चा हे दोन धुण्यांत कळते. सिनेमाच्या रंगाचे तसे नाही. त्याची पारख व्हायला वीस-तीस वर्षे लागतात, आणि तोवर मूळ रंग पाहिलेली माणसेच पिकून जातात.

आचऱ्याला माझ्या आतेकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात फिल्मचे तुकडे आहेत. आतोबा तंबूतल्या सिनेमाच्या यंत्रावर असत. भात कापून मळे मोकळे झाले की तंबू गावोगाव हिंडे. फिल्म तुटली की आतोबा ती सांधीत आणि कापलेल्या दोन-चार चौकटी खिशात टाकीत. "ह्यांची इस्टेट ती एवढीच," असे आते हसत सांगते. पण डब्याला कोणाला हात लावू देत नाही.

एकदा तिने तो आपण होऊन माझ्यापुढे ठेवला. एक तुकडा मी खिडकीशी धरला. एक नाचणारी, पाठीमागे झाडे, वर आभाळ. बाई गुलाबी, झाडे गुलाबी, आभाळही गुलाबी!

यात नवल काही नाही. त्या काळच्या बहुतेक रंगीत प्रती ईस्टमनकलर किंवा तसल्याच पद्धतीच्या. एकाच फिल्मवर पिवळा, किरमिजी आणि निळसर असे तीन थर. त्यांतला निळसर बहुधा आधी विरतो, पिवळाही फिका होतो, आणि किरमिजी तेवढा खमक्या सासूसारखा मागे उरतो. उष्ण, दमट हवेत हे काम लवकर उरकते. आणि आमच्या किनाऱ्यावर तर आषाढात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते! टेक्निकलरच्या प्रतींची गोष्ट वेगळी. तिथे तिन्ही रंग एकावर एक निरनिराळे छापीत, आणि ते टिकत. शांतारामबापूंचा १९५५ सालचा 'झनक झनक पायल बाजे' टेक्निकलरमध्ये निघाला. रंगाची हौस त्यांना त्याच्याही आधीची. १९३३ साली प्रभातच्या 'सैरंध्री'च्या रंगीत प्रती त्यांनी जर्मनीत काढून घेतल्या, पण रंग काही मनासारखे उतरले नाहीत.

आतेच्या नातवाने त्याच सिनेमाची तबकडी लावली. (सिनेमाचे नाव सांगत नाही, तबकडी काढणाऱ्यांना उगाच बोल लागायचा.) झाडे सरबताच्या बाटलीसारखी हिरवी, आभाळ निळे, आणि नाचणारीच्या गालावर हळदीचा थर. तबकडी व्हीसीडीची. आडवे ३५२ ठिपके, उभे २८८. रंगाची नोंद तर त्याच्याही चौथाईच. म्हणून लुगड्याचा रंग काठाबाहेर ओघळतो आणि काळोखाचे चौकोनी तुकडे पडतात. डीव्हीडीत ठिपके साडेतीन-चार पट. काठ जागच्या जागी राहतो. पण ठिपके वाढले म्हणून रंग खरा ठरत नाही. तबकडी मूळ निगेटिव्हवरून काढली की विटलेल्या प्रतीवरून, आणि बटणे फिरवणाऱ्याच्या मनात कोणता हिरवा होता, यावर सारे अवलंबून.

नातवाचे म्हणणे, तबकडीच बरी. ना ओरखडे, ना पडद्यावरचा पाऊस. मला ते पटत नाही. तंबूतल्या पडद्यावर सावलीतही सावल्या दिसत. तबकडीत त्यांचा डांबराचा एकच डाग होतो. मात्र जनरेटर दमला की तंबूतला उजेड पिवळा पडे, हेही खरे. म्हणजे आतोबांनी दाखवलेला रंग तरी रोज एकच कुठे होता?

नातवाने तो तुकडा संगणकात उतरवून घेतला. विरलेला थर अगदी नाहीसा झालेला नसतो. त्याची जी खूण उरते ती वाढवता येते. प्रश्न एवढाच, की किती? पाहिलेले माणूस एकच उरलेले. आते म्हणाली, "हिरवां होतां लुगडां. पोपटी." त्याने पोपटी केले. ती समाधान पावली.

पुढे दोन महिन्यांनी कणकवलीला तिचा मोतीबिंदू काढला. डोळ्यातले भिंग वयाबरोबर पिवळे पडते आणि निळा उजेड अडवते. पट्टी निघाल्यावर ती अंगणात कितीतरी वेळ वर पाहत उभी राहिली. "आभाळ इतक्या निळां आसता?" एवढेच म्हणाली.

त्यानंतर नातवाने तिला पुन्हा तो तुकडा दाखवला.

"ह्यां नाय," ती म्हणाली.

"आजी, तूच सांगितलंस ना पोपटी?"

"तेव्हा माका दिसत नव्हता."

तो कुरकुरला, पण बसला. एकेक अंश निळा वाढवीत गेला. पोपटीचा हिरवा झाला, हिरव्याचा मोरपंखी. चिंतामणी रंगापाशी येताच आतेने त्याचा हात धरला. "थांब. ह्यांच."

तिच्या लग्नात मी सात वर्षांचा होतो. तिचे लुगडे चिंतामणी रंगाचे होते. नातवाला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. लग्नाचे फोटो काळेपांढरे आहेत. मी काही बोललो नाही. त्याने तो रंग कायम केला.